पावसात चित्र गेले, तर छत्रीला हात लावू नका

डीडी फ्री डिश बसवून घेतलेल्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

मे महिन्यात पहिला वळीव कोसळला की आमच्या दुकानातला फोन वाजू लागतो आणि बहुतेक तक्रारी एकाच क्रमाने सांगितल्या जातात. पाऊस आला, चित्र अडकले, मग पडदा काळा झाला, म्हणून घरातले कोणीतरी गच्चीवर गेले आणि छत्री, म्हणजे डिश अँटेना, जराशी फिरवून पाहिली. आता पाऊस थांबून बराच वेळ झाला तरी एकही वाहिनी दिसत नाही. यातली गच्चीवर जाण्याची पायरी टळली असती, तर पाऊस ओसरल्यावर चित्र आपोआप परत आले असते. छत्री बसवतो त्या दिवशी आम्ही हे प्रत्येकाला तोंडी सांगतो, परंतु सहा महिन्यांनी ते लक्षात राहत नाही आणि घरातल्या सगळ्यांपर्यंत पोहोचतही नाही, म्हणून हे पत्रक छापले आहे. ते कृपया सेट टॉप बॉक्सजवळच ठेवावे.

छत्री कोणत्या दिशेला असते, याविषयी आधी थोडे सांगणे आवश्यक आहे. जुन्या पुणेकर ग्राहकांच्या मनात टीव्हीचा सिग्नल म्हणजे सिंहगड हे समीकरण पक्के आहे आणि त्याला कारणही आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९७३ मध्ये सिंहगडावरच्या सहक्षेपण केंद्रामुळे ते पुण्यात दिसू लागले. पुढे कित्येक वर्षे शहरातल्या गच्च्यांवरचे अ‍ॅल्युमिनियमच्या काड्यांचे अँटेना गडावरच्या मनोऱ्याकडे, म्हणजे नैऋत्येला, तोंड करून उभे असत. ते अ‍ॅनालॉग प्रक्षेपण दूरदर्शनने देशभरात टप्प्याटप्प्याने जवळपास पूर्ण बंद केले आहे, त्यामुळे जुना अँटेना नव्या टीव्हीला जोडून त्यावर पूर्वीसारखे चित्र शोधण्यात वेळ घालवू नये. मनोऱ्यावरून होणारे डिजिटल प्रक्षेपण ही निराळी सेवा आहे. दूरदर्शनने ती फेब्रुवारी २०१६ मध्ये १६ शहरांत सुरू केली, तेव्हाच्या यादीत महाराष्ट्रातून मुंबई आणि औरंगाबाद ही शहरे होती, पुणे नव्हते. मुंबईचा सिग्नल उंच पाइपावर अँटेना लावून इथे पकडता येईल का, असे बरेच जण विचारतात. या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात आणि मध्ये सह्याद्री आडवा आहे. त्यासाठी अँटेना विकणे आम्हाला योग्य वाटत नाही आणि आम्ही तो विकत नाही.

डीडी फ्री डिशचा सिग्नल कोणत्याही मनोऱ्यावरून येत नाही. तो विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर असलेल्या जीसॅट-१५ या उपग्रहावरून, पुण्यापासून सुमारे ३६,५०० किलोमीटर अंतरावरून येतो. पुण्यातून पाहिले तर हा उपग्रह आग्नेयेला, उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजल्यास साधारण १३२ अंशांवर, आणि क्षितिजापासून सुमारे ५९ अंश उंचीवर आहे. सिंहगडाची दिशा आणि ही दिशा यांत जवळजवळ काटकोनाचा फरक पडतो, तेव्हा छत्री गडाकडे वळवून सिग्नल वाढण्याची कोणतीही शक्यता नाही. मोबाइलमधल्या होकायंत्राने दिशा अंदाजे कळते. मात्र लोखंडी कठडा किंवा पाण्याच्या टाकीचा सांगाडा जवळ असेल, तर तेही चुकीचे दाखवते.

याच ठिकाणी ग्राहकांची एक प्रामाणिक फसगत होते. आपल्या छत्रीची एलएनबी, म्हणजे बशीवर आलेला सिग्नल पकडणारी डबी, मधोमध नसून खालच्या बाजूने पुढे आलेल्या दांड्यावर असते, आणि अशा छत्रीची बशी प्रत्यक्षात जिकडे बघते त्यापेक्षा बरीच खाली बघत असल्यासारखी दिसते. सिग्नल ५९ अंशांवरून येत असला, तरी बशी ३५ अंशांच्या आसपासच उचललेली वाटते. त्यामुळे ‘छत्री समोरच्या इमारतीवर रोखली आहे, म्हणून सिग्नल अडतो’ असे वाटून ती वर उचलली जाते, आणि तेवढ्यानेच काम बिघडते. हिशोब असा आहे की छत्रीपेक्षा १० मीटर उंच असलेली इमारत ६ मीटरपेक्षा लांब असेल, तर ती आड येत नाही. आड येतो तो जवळचा आंबा, शेजारच्या गच्चीवर नव्याने उभी राहिलेली पत्र्याची शेड किंवा वरच्या मजल्याचा सज्जा. ज्यांच्या गॅलरीचे तोंड उत्तरेला किंवा पश्चिमेला आहे, त्यांना आम्ही गॅलरीत छत्री लावून देत नाही आणि गच्चीवरच्या जागेसाठी सोसायटीची परवानगी आणण्यास सांगतो, त्याचे कारण हेच आहे.

आता पावसाविषयी. हा सिग्नल ज्या लहरींवर येतो त्यांची लांबी अडीच ते पावणेतीन सेंटीमीटर असते आणि पावसाचे मोठे थेंब त्यांतली शक्ती शोषून घेतात व इकडेतिकडे विखुरतात. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये दिवसभर जी भुरभुर चालते, तिच्यात थेंब बारीक असतात आणि तिने नीट बसवलेल्या छत्रीचे चित्र जात नाही. चित्र जाते ते मे महिन्यातल्या वळवाने आणि परतीच्या पावसातल्या गडगडाटी सरींनी, आणि तेही बहुधा दहा-पंधरा मिनिटांपुरते, सरीचा जोर असेपर्यंतच. कधीकधी आपल्या अंगणात थेंबही नसतो आणि तरी चित्र अडकते. सिग्नल तिरका येतो, त्यामुळे आग्नेयेला दोन-तीन किलोमीटरवर कोसळणारी सर त्याच्या वाटेत असू शकते. कोंढव्याकडे काळेभोर झाले असेल आणि स्वारगेटला ऊन असेल, तरी हे घडते आणि त्यात बिघाड काहीच नसतो.

यातून एक उपयोगी खूण मिळते. जोराच्या सरीत चित्र गेले आणि पाऊस ओसरल्यावर परत आले, तर आपली यंत्रणा उत्तम आहे. काहीही करू नये. परंतु साध्या भुरभुरीत चित्र वारंवार जात असेल, किंवा पाऊस थांबून अर्धा तास झाला तरी येत नसेल, तर छत्री आधीच थोडी सरकलेली आहे किंवा केबलच्या टोकाच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरले आहे, असे समजून आम्हाला कळवावे. कोरड्या हवेत चित्र ठीक दिसते म्हणून छत्री अचूक आहे, असे होत नाही. सरकलेल्या छत्रीत सिग्नलची शिल्लक संपलेली असते आणि पहिल्याच पावसात ते उघड होते.

छत्री ‘जराशी’ फिरवली तर काय होते, हे नेमके सांगतो, कारण आमचा सर्वांत जास्त वेळ यातच जातो. ६० सेंटीमीटरची छत्री आकाशाचा सुमारे तीन अंशांचा पट्टा पाहते, म्हणजे मध्यापासून दोन्ही बाजूंना दीड-दीड अंश. तेवढे बिघडण्यासाठी बशीचा काठ एक सेंटीमीटरही सरकावा लागत नाही. वाळत घातलेली ओली चादर वाऱ्याने दांड्यावर आपटली तरी पुरते. त्यातून ९५ अंश पूर्वेला, म्हणजे आपल्या उपग्रहापासून अवघ्या दीड अंशावर, डिश टीव्ही ज्यांच्यावरून चालतो ते उपग्रह आहेत. छत्री त्यांच्यावर गेली की बॉक्सच्या मेनूतली ‘सिग्नल स्ट्रेंग्थ’ची पट्टी भरलेली दिसते आणि ग्राहक आम्हाला सांगतात की सिग्नल भरपूर आहे, तेव्हा बॉक्सच खराब झाला असावा. ती पट्टी उपग्रह कोणता आहे हे ओळखत नाही. बघायची ती तिच्या खालची ‘सिग्नल क्वालिटी’ची पट्टी, ती शून्य असेल तर वरच्या पट्टीला काही अर्थ नाही. याच गैरसमजातून चांगला बॉक्स टाकून नवा घेतलेले ग्राहक आमच्याकडे येतात, आणि त्यांना नव्या बॉक्सवरही तेच दिसत असते.

एलएनबी तिच्या पकडीत मुद्दाम तिरकी फिरवून बसवलेली असते. ती वाकडी बसली आहे असे समजून सरळ करू नये.

छत्री सरकते ती नेहमी घरच्यांच्या हातानेच सरकते असे नाही. सोसायटीचे रंगकाम, गच्चीचे वॉटरप्रूफिंग, कबुतरांसाठी लावायची जाळी, सोलरचे पाइप यांपैकी कोणतेही काम निघाले की कामगार छत्री काढून बाजूला ठेवतात आणि जाताना ‘होती तशी’ लावून देतात. म्हणून गेल्या काही वर्षांपासून आम्ही खांब आणि क्लॅम्प यांवरून एकच पांढरी ऑइल पेंटची रेघ ओढतो आणि उंचीच्या पट्टीवर दुसरी. या दोन्ही रेघा अखंड दिसत असतील तर छत्री जागेवर आहे. तुटलेल्या दिसत असतील तर ती हलली आहे. गच्चीवर जायला सुरक्षित जिना असेल आणि रेघा जुळवता येत असतील, तर तेवढे आपण स्वतः करण्यास आमची हरकत नाही. मात्र पावसात, ओल्या पत्र्यावर किंवा कठड्यावर चढून कोणीही हे करू नये. काम निघणार असल्याचे आधी कळवल्यास आम्ही माणूस पाठवून छत्री उतरवतो आणि काम संपल्यावर पुन्हा सिग्नल मोजणाऱ्या मीटरवर लावून देतो. नंतर बोलावण्यापेक्षा हे स्वस्त पडते.

कनेक्टरबद्दल थोडे. केबलच्या टोकाशी बाहेरच्या जाळीची केसाएवढी बारीक तार जरी मधल्या तांब्याच्या तारेला टेकली तरी सिग्नल बंद होतो, आणि पाणी शिरले की ती मधली तार हिरवी पडते. बॉक्समधून याच केबलने एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्टचा पुरवठा जातो, म्हणून कनेक्टर उघडण्याआधी बॉक्सचा मुख्य स्विच बंद करावा. आम्ही बाहेरच्या जोडणीवर पाणी न शिरणारी रबरी टेप गुंडाळतो आणि एलएनबीखाली केबलचा एक झोळ सोडतो, जेणेकरून पाणी केबलवरून ओघळत कनेक्टरपर्यंत न जाता झोळाच्या तळाशी गळून पडेल. तो झोळ नीटनेटका दिसावा म्हणून ताणून बांधू नये.

दोन गोष्टींत छत्रीचा काहीच दोष नसतो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीच्या सुमारास काही दिवस, सकाळी ११ च्या आसपास, सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि काही मिनिटे चित्र जाते. त्यावर उपाय नाही आणि गरजही नाही. दुसरे म्हणजे फ्री डिशवरच्या खासगी वाहिन्यांच्या जागांचा लिलाव होतो आणि १ एप्रिलच्या सुमारास काही वाहिन्या जातात, काही नव्या येतात. डीडी सह्याद्री दिसत असेल आणि एखादी नेहमीची वाहिनी नसेल, तर बॉक्सवर पुन्हा ऑटो स्कॅन करावे. एमपीईजी-२ या जुन्या चित्रपद्धतीचे बॉक्स मात्र सगळ्या वाहिन्या दाखवू शकत नाहीत, कारण बऱ्याच वाहिन्या एमपीईजी-४ या नव्या पद्धतीत येतात. ज्यांना हे खटकते त्यांनी बॉक्स बदलावा, छत्री तीच चालते. टाटा प्लेची जुनी छत्री वापरता येईल का, तर बशी गंजलेली नसल्यास येते. ती ८३ अंश पूर्वेकडे लावलेली असते आणि नव्याने लावावी लागते, एवढेच.

मोठी छत्री घ्यावी का, हा प्रश्न रास्त आहे. ९० सेंटीमीटरची बशी ६० च्या सव्वादोन पट क्षेत्रफळाची असते, त्यामुळे मुसळधार सरीतही चित्र अधिक काळ टिकते. परंतु तिचा पट्टा अरुंद असतो आणि ती वारा जास्त धरते, म्हणून ती काँक्रीटमध्ये अँकर फास्टनरने बसवलेल्या स्टँडवरच लावावी लागते. विटांच्या कठड्यावर आम्ही ती लावत नाही, ग्राहकाने आग्रह केला तरी. गच्चीवर स्वतःची पक्की जागा असलेल्यांना आम्ही तिची शिफारस करतो. गॅलरीतल्यांना ६० चीच पुरते.

शुल्काबद्दल काहींची नाराजी असते, म्हणून स्पष्ट लिहितो. आमच्या जोडणीतला किंवा कनेक्टरमधला दोष वर्षभराच्या आत निघाला तर दुरुस्तीचे पैसे आम्ही घेत नाही. रेघा हललेल्या दिसल्या, तर मात्र पूर्ण फेरीचे शुल्क लागते. छत्री हातानेच हलवली असली, तरी ती मीटर लावून, दोन्ही पट्ट्या पाहून, नट आळीपाळीने आवळत पुन्हा जागेवर आणण्यास नव्या बसवणीइतकाच वेळ लागतो, आणि ऐन पावसाळ्यात त्या वेळेत ज्यांच्याकडे खरा बिघाड आहे असे दुसरे घर राहून जाते. दरवर्षी १५ एप्रिल ते मे अखेर आम्ही पावसाळ्यापूर्वीची तपासणी सवलतीच्या दरात करतो. तीत नट, टेप, एलएनबीची टोपी आणि सिग्नल क्वालिटी पाहिली जाते. जूनपासून ही सवलत नसते.

तक्रार कळवताना चार गोष्टी सांगितल्यास पुष्कळदा फेरीच वाचते: पाऊस थांबून किती वेळ झाला, क्वालिटीची पट्टी किती दाखवते, गच्चीवर किंवा गॅलरीत अलीकडे कोणते काम झाले, आणि शक्य असल्यास पांढऱ्या रेघांचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो. पडद्यावर आलेला संदेश जसाच्या तसा लिहून पाठवावा. दुकान गुरुवारी बंद असते; त्या दिवशी आलेले निरोप शुक्रवारी सकाळी, आलेल्या क्रमानेच घेतले जातात.