मोकाट पाणी, ठिबक आणि तापलेली चिप

रावेर तालुक्यातली मे महिन्यातली दुपार. मामा मोटारीच्या खोलीच्या सावलीत उकिडवे बसून ठिबकचा फिल्टर धूत होते. एकेक चकती सुटी करायची, बादलीत खळबळायची, बोटानं गाळ निपटायचा, पुन्हा दांडीवर ओवायची. "हे टाळलं ना भो, तर शेवटच्या नळीवरची झाडं आधी माना टाकतात," ते मला म्हणाले. मामेभाऊ नवी मुंबईत एका डेटा सेंटरमध्ये नोकरीला आहे, सुट्टीवर आला होता. तो वाकून बघत म्हणाला, "आप्पा, आमच्याकडेही आता हेच काम सुरू झालंय." एसीत बसणाऱ्यानं शेतकऱ्याची थट्टा करू नये, अशा नजरेनं मामांनी त्याच्याकडे पाहिलं.

पण तो खरंच बोलत होता.

डेटा सेंटर म्हणजे सर्व्हरनं भरलेल्या कपाटांच्या रांगा. त्यांना 'रॅक' म्हणतात. गेली कित्येक वर्षं त्या गार ठेवायची रीत बहुतेक ठिकाणी एकच होती: अख्ख्या खोलीतली हवा एसीनं गार करायची, ती रांगांसमोर सोडायची, सर्व्हरच्या पंख्यांनी ती ओढून घ्यायची आणि गरम करून मागे फेकायची. आपल्या भाषेत हे मोकाट पाणी. पाट सोडला, सरी भरली, मुळाला मिळालं ते मिळालं, बाकीचं बांधाला. इथेही भिंती, छत, वायरी, सगळं गार होणार, तेव्हा कुठे त्यातला थोडा गारवा तापलेल्या चिपपर्यंत पोहोचणार.

हे चालून गेलं, कारण चिप फार तापत नव्हत्या. कृत्रिम बुद्धिमत्तेनं ते गणित बिघडवलं. एनव्हिडियाची ए१०० ही चिप ४०० वॅट घ्यायची, एच१०० ही ७०० वर गेली आणि बी२०० हजाराच्या घरात. हजार वॅट म्हणजे घरातली इस्त्री. फरक एवढाच, की इस्त्रीचा तवा तळहाताहून मोठा असतो आणि ही उष्णता निघते बिस्किटाएवढ्या सिलिकॉनमधून. अशा ७२ चिप एका कपाटात बसवल्या की ते एकटं कपाट सुमारे १२० किलोवॅट खातं. पाच एचपीच्या बत्तीस मोटारी एका कपाटात कोंबल्यासारखं. आणि यातली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. कॉम्प्युटर काही पाणी उपसत नाही की दळण दळत नाही.

ही उष्णता वाहून न्यायला किती हवा लागेल? हवा १० अंशांनी तापू द्यायची असं धरलं, तर दर सेकंदाला सुमारे १० घनमीटर. म्हणजे दहा हजार लिटरची टाकी हवेनं भरून दर सेकंदाला त्या कपाटातून काढायची. पंख्यांचा आवाज आणि वीजबिल विचारूच नका. तेच काम पाण्याला दिलं, तर तितक्याच तापमानवाढीला दर सेकंदाला तीन लिटर पुरतं. तीन तांबे! कारण सरळ आहे: तेवढ्याच आकारमानाचं पाणी हवेच्या साधारण साडेतीन हजार पट उष्णता पोटात घेतं.

म्हणून ठिबक. चिपच्या डोक्यावर तांब्याची पोकळ पट्टी घट्ट बसवतात, तिला 'कोल्ड प्लेट' म्हणतात. तिच्या पोटात केसाएवढ्या बारीक खाचा असतात आणि त्या खाचांतून द्रव वाहतो. कपाटाच्या मागे उभे मुख्य पाइप, त्यातून प्रत्येक सर्व्हरला बारीक नळ्या. सबमेन आणि लॅटरल, दुसरं काय. कपाटांशेजारी एक पंपाचं युनिट असतं, त्याला सीडीयू म्हणतात. त्यात पत्र्यांचा उष्णता-विनिमयक असतो, दूध डेअरीत पाश्चरायझरला असतो तसा. चिपकडून आलेला गरम द्रव पत्र्याच्या एका बाजूनं, इमारतीचं पाणी दुसऱ्या बाजूनं. उष्णता इकडून तिकडे जाते, पण दोघं एकमेकांना शिवत नाहीत.

नळीतला द्रव म्हणजे बहुतेक ठिकाणी पाणी आणि साधारण पाव भाग प्रॉपिलीन ग्लायकॉल. ग्लायकॉलमुळे शेवाळ आणि जिवाणू धरत नाहीत, सोबतच्या रसायनांमुळे तांबं गंजत नाही. मामांच्या फिल्टरची चाळण १२० मेशची, म्हणजे सुमारे १३० मायक्रॉन. भावाकडची २५ ते ५० मायक्रॉनची. ड्रीपर चोकअप झाला तर झाड दोन-चार दिवस तग धरतं. कोल्ड प्लेट चोकअप झाली तर चिप काही सेकंदांत आपला वेग कमी करते, नाही तर बंदच पडते. "ॲसिड सोडता का तुम्ही?" मामांनी विचारलं. ठिबकच्या नळ्यांत साचलेले क्षार ॲसिड सोडून काढतात, म्हणून प्रश्न मार्मिक होता. ॲसिड नाही, पण द्रवाचा नमुना काढून सामू आणि गंजरोधक तपासणं हे तिथल्या नेमाच्या कामांत येतं. वर्षानुवर्षं एसी सांभाळलेल्या माणसांना प्लंबिंग नव्यानं शिकावं लागतंय. मला विचाराल तर रावेर-यावलचा कुठलाही ठिबकवाला हे काम महिनाभरात शिकेल.

गळतीचं काय, हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. जोड असे असतात, की ओढून काढले तरी थेंब पडत नाही. कपाटाखाली पाणी ओळखणारी वायर टाकलेली असते. तरीही लाखो रुपयांच्या यंत्रात पाणी सोडताना पोटात गोळा येतोच, असं भाऊ म्हणतो.

दुसरी रीत आणखी धीट: अख्खा सर्व्हरच तेलात बुडवायचा. ऐकायला विचित्र, पण शेताच्या बांधावरची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, आठवा. तिच्यातलं ऑइल वीज वाहू देत नाही आणि उष्णता मात्र बाहेरच्या पत्र्याला नेऊन देतं. त्याच चालीवर सर्व्हरसाठी खास तेलाच्या टाक्या निघाल्या आहेत. अडचण दुरुस्तीची. सर्व्हर तेलातून निथळत बाहेर काढावा लागतो, हातपाय चिकट होतात. सध्या तरी कोल्ड प्लेटचीच चलती आहे आणि ते मला पटतं.

यात नवं किती? १९८० च्या दशकात आयबीएमची मोठी यंत्रं पाण्यावरच गार होत आणि १९८५ चा क्रे-२ हा महासंगणक तर द्रवात बुडालेलाच असायचा. नंतर कमी तापणाऱ्या सीमॉस चिप आल्या आणि पाणी नकोसं झालं. आता ते परत आलंय. आपल्याकडे पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतला 'परम ब्रह्म' हा महासंगणकही थेट द्रवावर गार होतो.

आता खानदेशच्या जिव्हाळ्याचा मुद्दा. गार करायला गार पाणीच लागतं असं नाही. चिप ८० अंशांच्या पुढे-मागे चालत असेल, तर तिच्या दृष्टीनं ४५ अंशांचं पाणीही गारच. २०१० मध्ये आयबीएमनं झुरिकच्या ईटीएच संस्थेत 'ॲक्वासार' नावाचं यंत्र चक्क ६० अंशांच्या पाण्यावर चालवलं आणि त्यातून निघालेल्या उष्णतेनं इमारत उबवली. भुसावळात मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो, तिथे इमारत उबवायची सोय कोणाला हवी? पण पाणी गरम चालत असेल, तर वर्षाचे बहुतेक महिने गच्चीवर नुसता रेडिएटर आणि पंखे पुरतात, चिलरची, म्हणजे पाणी गार करणाऱ्या यंत्राची, वीज वाचते. मेच्या भर दुपारी मात्र बाहेरची हवाच ४५ असते, त्या हवेनं पाणी ४५ च्या खाली कसं आणणार?

त्यावरचा उपाय खानदेशातल्या प्रत्येक घराच्या खिडकीत आहे: कूलर. ४५ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर बाष्पीभवनानं पाणी जास्तीत जास्त सुमारे २४ अंशांपर्यंत उतरू शकतं. म्हणूनच आपल्याकडे कूलर जिवाला गारवा देतो आणि मुंबईच्या दमट हवेत नुसता चिकचिकाट करतो. भुसावळजवळच्या दीपनगरच्या वीजकेंद्राचे कूलिंग टॉवर करतात तेही हेच.

"म्हणजे पाणी उडतं," मामा म्हणाले.

उडतं. चिपजवळचा द्रव बंद नळीत फिरत राहतो, तो संपत नाही. पण बाहेर टॉवर लावला, तर एक मेगावॅट उष्णता उडवायला दिवसाला सुमारे ३५ हजार लिटर पाणी वाफ होऊन जातं. रेडिएटर लावला तर पाणी शून्य, पण पंखे आणि चिलर जास्त वीज खाणार. "लिक्विड कूलिंग म्हणजे पाण्याची बचत" असं जाहिरातीत वाचलंत, तर पहिला प्रश्न हाच विचारा: बाहेर गच्चीवर काय आहे?

मामांनी पस्तीस हजार ऐकलं आणि मनातल्या मनात भागाकार केला. उन्हाळ्यात केळीच्या झाडाला ठिबकनं दिवसाला अठरा-वीस लिटर. "अठराशे झाडं. ही पट्टी, हा बांध ते तो आंबा," त्यांनी हात फिरवून दाखवलं. तितक्यात लाइट आली. त्यांनी फिल्टरचं झाकण आवळलं, स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं आणि शेवटच्या ओळीकडे चालू लागले, नळीच्या टोकाला पाणी पोहोचलं का ते बघायला.