अ‍ॅव्होकॅडोची कोय काळेपणा थांबवत नाही

सोलापुरात अ‍ॅव्होकॅडो फळांच्या दुकानात दिसू लागला, आणि त्याच्याबरोबर एक सल्लाही आला: अर्धं फळ उरलं तर कोय काढू नका, गर कुस्करला तर वाटीत मधोमध कोय खोचा, काळं पडणार नाही. हे खरं नाही.

दोन-तीन तासांनी कोय उचलून बघा. तिच्याखाली गोल हिरवा ठसा, भोवतीचा गर मात्र तपकिरी. कोयीत काही गुण असता तर शेजारचा गरही वाचला असता की! कापताना पेशी फुटतात, पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर मोकळं होतं, हवेतला ऑक्सिजन मिळाला की गर तपकिरी होतो. कोयीखाली हवा पोचत नाही, एवढंच. तिच्या जागी छोटी स्टीलची वाटी दाबून बसवा, तोच ठसा मिळेल.

म्हणून लिंबू पिळा, क्लिंग फिल्म थेट गराला चिकटवा आणि फ्रीजमध्ये ठेवा. पारा 40 च्या वर असताना ओट्यावर तर नकोच.

कोय काढायची ती चमच्याने. फळ पाटावर ठेवून कोयीभोवती उभी चीर द्यायची, दोन्ही भाग विरुद्ध दिशांना फिरवून वेगळे करायचे. हातातल्या फळावर सुरी आपटायची व्हिडिओतली हौस तळहातावर बेतते.

आणि वरचा थर तपकिरी झालाच, तर खरवडून टाका. खालचा हिरवा गर कडक भाकरीवर, शेंगाचटणी भुरभुरून, मस्त लागतो.