पाईपात पाणी वाजलं अन् ट्यूब पेटली

मिस्ट हा कोडी सोडवायचा गेम १९९३ मध्ये आला, रँड आणि रॉबिन मिलर या दोघा भावांच्या सायन कंपनीनं बनवलेला, आणि २००२ मध्ये द सिम्सनं मागं टाकेपर्यंत पीसीवर सगळ्यात जास्त खपलेला गेम हाच. यात मारामारी नाही, टाइमर नाही, मरायची भीती नाही. ओसाड बेटावर सोडून देतात आणि काय करायचं ते कुणी सांगतच नाही. सगळा गेम म्हणजे जवळपास अडीच हजार स्थिर चित्रं, एकावर क्लिक केलं की दुसरं. तरी लोक त्यापायी रात्र रात्र जागले!

त्यातल्या चॅनलवुड नावाच्या जगात खाली पाणी, त्यावर लाकडी वाटा, वर झाडांवर घरं, आणि पवनचक्कीपासून निघालेल्या पाईपलाईनला जागोजागी फाटे फुटतात, प्रत्येक फाट्यावर एक वॉल, म्हणजे पाणी वळवायची चावी. लिफ्ट चालवायची तर पाणी तिच्यापर्यंतच जायला पाहिजे, एक वॉल चुकला की भलतीकडंच. माझा भाचा इकडं वरुडकडं संत्र्याच्या बगीच्यात रोज ओलीत करते, तरी इथं अडकला, कितीतरी वेळ नुसते वॉल फिरवत बसला, मग हेडफोन लावला अन् एकदम ओरडला, "मामा, पाईपात पाणी वाजून राह्यलं ना!" जिथवर आवाज, तिथवर पाणी. पुढचं त्यानं भराभर सोडवलं.

हा जो क्षण आहे ना, तो मेंदूत मोजलेला आहे. मार्क बीमन आणि जॉन कुनिओस या मेंदू-संशोधकांच्या टीमनं २००४ मध्ये लोकांना शब्दकोडी देऊन पाहिलं. उत्तर एकदम सुचतं तेव्हा त्याच्या साधारण ०.३ सेकंद आधी मेंदूच्या उजव्या कानावरच्या भागात गॅमा लहरी (मेंदूतल्या विजेच्या वेगवान लहरी) उसळतात, आणि त्याच्याही जरा आधी मेंदूच्या मागच्या, पाहण्याच्या भागात अल्फा लहरी (त्याहून संथ) वाढतात, म्हणजे बाहेरचं दिसणं मेंदू क्षणभर कमी करतो असा त्यांचा अंदाज. मूड चांगला असला की असं सुचणं वाढतं, हेही याच लोकांना नंतरच्या अभ्यासात दिसलं.

म्हणून मला वाटतं मिस्टचा निवांतपणा हीच त्याची खरी ताकद. घाई नाही, कुणी मागं लागलेलं नाही, लागणारं सगळं समोरच पडलेलं. आजकालचे गेम पावलोपावली बाण दाखवतात, मला ते अजिबात आवडत नाही, सुचायला जागाच ठेवत नाहीत.

खेळणार असाल तर जवळ वही ठेवा, कारण बेटाच्या एका टोकाला पाहिलेली खूण दुसऱ्या टोकाला कामी येते. जुन्या डब्यात तर सीडीसोबत नोंदी करायला कोरी वहीच द्यायचे.