पेंढ्याच्या गठ्ठ्यांची घरे: गरजेतून जन्मलेली बांधकामपद्धती

पेंढ्याच्या गठ्ठ्यांची घरे आज पर्यावरणपूरक म्हणून नावाजली जात असली, तरी त्यांचा उगम निव्वळ अडचणीतून झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात, सँडहिल्स या वाळूच्या टेकड्यांच्या प्रदेशात वस्तीला आलेल्या शेतकऱ्यांना घरासाठी लाकूड मिळत नव्हते. इतर गवताळ प्रदेशांत मुळांनी घट्ट धरलेल्या मातीचे ठोकळे कापून घरे रचली जात. येथील रेताड जमिनीतले ठोकळे मात्र भुसभुशीत निघत आणि फुटत. गवताला तोटा नव्हता, शिवाय ते दाबून चौकोनी गठ्ठे बांधणारी यंत्रेही तोवर आली होती. तेव्हा विटांप्रमाणे सांधमोड करून गठ्ठे रचायचे आणि छपराचा भार थेट त्यांच्यावरच टाकायचा, अशी रीत पडली.

बेयार्ड गावाजवळ 1886च्या सुमारास बांधलेली एका खोलीची शाळा ही या पद्धतीच्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक. तिच्या भिंतींना गिलावा केलेला नव्हता आणि पुढे चरणाऱ्या गुरांनी त्या खाऊन टाकल्या. याउलट आर्थर या गावी 1928मध्ये बांधलेले, गिलावा केलेले चर्च आजही उभे आहे. या पद्धतीचे सारे मर्म मला या दोन इमारतींमधल्या फरकात दिसते. गठ्ठा ऊब धरतो. त्याला टिकवतो तो गिलावा.

आगीच्या बाबतीतही हेच लागू पडते. सुटा पेंढा क्षणात पेटतो, पण दाबून बांधलेल्या गठ्ठ्यात हवा खेळत नसल्याने तो नुसता धुमसत राहतो. अमेरिकेतील प्रमाणित अग्निचाचण्यांत मातीचा गिलावा केलेली भिंत 1 तास, तर सिमेंटचा गिलावा केलेली भिंत 2 तास टिकली.

फ्रान्समध्ये माँतार्जी येथे 1920-21मध्ये फ्युएत नावाच्या अभियंत्याने लाकडी सांगाड्यात गठ्ठे भरून घर बांधले. तेही अजून उभे आहे. पुढे सिमेंट आणि कारखान्यातले लाकूड सहज मिळू लागल्यावर ही पद्धत मागे पडली. 1970च्या दशकातील इंधनटंचाईनंतर घर कमी खर्चात उबदार ठेवण्याचा प्रश्न ऐरणीवर आला, तेव्हा दीड फूट जाडीच्या या भिंतींकडे पुन्हा लक्ष गेले. धान्य काढून घेतल्यावर उरणारे, अनेकदा शेतातच जाळले जाणारे काड भिंतीत बसवले, तर त्यातला कार्बन घर उभे असेपर्यंत तिथेच राहतो, हा लाभही तेव्हापासून अधिक ठळकपणे मांडला जाऊ लागला. अमेरिकेच्या आदर्श निवासी बांधकाम संहितेत 2015मध्ये या पद्धतीसाठी स्वतंत्र परिशिष्ट जोडले गेले.

तिचा खरा शत्रू पाणी हाच आहे. गठ्ठ्यातील ओलाव्याचे प्रमाण दीर्घकाळ 20 टक्क्यांच्या वर राहिले, तर बुरशी धरून काड कुजू लागते. म्हणूनच जोते उंच घेतात, छपराच्या वळचणी रुंद ठेवतात आणि भिंतीतली वाफ बाहेर पडू देणारा माती किंवा चुन्याचा गिलावा पसंत करतात. सर्वाधिक काळजी घ्यावी लागते ती खिडकीच्या खालच्या कडेची, कारण तेथून झिरपलेले पाणी गिलाव्याआड दिसत नाही.