गुन्हेगारीशास्त्राची पदवी आणि नोकरी: मुंबईतली पार्श्वभूमी

गुन्हेगारीशास्त्राला प्रवेश घेणाऱ्या बऱ्याच मुलांच्या डोळ्यांसमोर पोलीस ठाणं असतं, नाहीतर फॉरेन्सिक लॅब. पण पोलीस उपनिरीक्षकाच्या परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते आणि लॅबमध्ये विज्ञानाची पदवी लागते. मग या विषयाच्या बळावर काम मिळतं ते कुठे? मुंबईत हा विषय कुठून आला हे पाहिलं की उत्तर सापडतं.

तो आला कोर्टाच्या गरजेतून. 1924च्या मुंबई बाल अधिनियमानंतर 1927मध्ये इथे चिल्ड्रन्स एड सोसायटी उभी राहिली. पकडलेल्या मुलाचं पुढे काय करायचं हे ठरवायला त्याच्या घरची माहिती लागे, आणि ती गोळा करणारा शिकलेला माणूसही. 1936मध्ये समाजकार्याचं जे शिक्षण सुरू झालं, त्याच संस्थेला 1944पासून आपण टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस म्हणतो. 1938चा मुंबई इलाख्याचा आणि 1958चा केंद्राचा परिवीक्षा कायदा (दोषीला तुरुंगात न पाठवता देखरेखीखाली सोडण्याचा, म्हणजे प्रोबेशनचा) आल्यावर परिवीक्षा अधिकाऱ्याचं काम पक्कं झालं. थोडक्यात, या शहरात गुन्हेगारीशास्त्र शिकलेला माणूस आधी अहवाल लिहिणारा होता.

आजही नोकरी त्याच कौशल्यावर मिळते आणि वर्गात तेच सगळ्यात कमी शिकवलं जातं. 2015च्या बाल न्याय कायद्यानुसार मूल बाल न्याय मंडळापुढे पहिल्यांदा हजर केल्यापासून 15 दिवसांत परिवीक्षा अधिकाऱ्याने सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. कुटुंब, शाळा, मित्र, काम, व्यसन, मुलाचं स्वतःचं म्हणणं आणि शेवटी शिफारस, एवढं त्यात यावं लागतं. नवखे विद्यार्थी ठरावीक ठिकाणी चुकतात. आरोप अजून सिद्ध झालेला नसताना ‘मुलाने चोरी केली’ असं लिहितात. ‘संगत वाईट’ म्हणतात, पण हे कोणी सांगितलं ते लिहीत नाहीत. गोवंडीच्या घरी दुपारी बाराला जातात, तेव्हा आईवडील कामावर असतात. मग शेजाऱ्याचं ऐकून रकाना भरला जातो. पाहिलेलं, ऐकलेलं आणि स्वतःचं मत ही तीन वेगळ्या परिच्छेदांत लिहायची सवय लागली की यातल्या निम्म्या चुका टळतात.

पुढे कामाच्या जागा वाढल्या. 1984मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू झाला. 1990पासून ‘प्रयास’ ही संस्था तुरुंगांतल्या कैद्यांसोबत काम करू लागली. हे दोन्ही टाटा इन्स्टिट्यूटचेच प्रकल्प. कच्च्या कैद्यासोबत काम करायचं तर रोजनामा (कोर्टात प्रत्येक तारखेला काय झालं याची नोंद) वाचता यायला हवा, प्रत्येक खटल्याला मिळणाऱ्या 16 अक्षरी सीएनआर क्रमांकावरून पुढची तारीख शोधता यायला हवी, जामीन मंजूर होऊनही माणूस आत का आहे हे कळायला हवं. बहुतेकदा कारण साधं असतं: जामीनदार नाही, किंवा भरायला रोख रक्कम नाही. अशा वेळी जातमुचलक्यावर (जामीनदाराशिवाय, स्वतःच्या लेखी हमीवर) सुटकेचा अर्ज कसा होतो, हे माहीत असलेला उमेदवार मुलाखतीत लगेच उठून दिसतो.

1 जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत समाजसेवेची शिक्षा आली आहे. तिच्यावर देखरेख ठेवायलाही माणसं लागतील. बँकांमध्ये संशयास्पद व्यवहार तपासणाऱ्यांची गरज 2002च्या मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्यामुळे निर्माण झाली. तिथेही संशयाचं कारण नेमक्या शब्दांत लिहायचं असतं. त्यासोबत एक्सेलही चांगलं यावं लागतं. जिल्हा बाल संरक्षण कक्षातली पदं मात्र बहुतांशी कंत्राटी आहेत. हे विद्यार्थ्यांना प्रवेशाच्या वेळीच सांगायला हवं.

नोकरीच्या अर्जात फिल्डवर्क दाखवताना एक धोका आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम 74नुसार मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे, त्यामुळे बायोडेटासोबत खरा अहवाल जोडू नये. नाव, पत्ता, शाळा, पोलीस ठाणं काढूनही वस्ती आणि घटनेवरून मूल ओळखू येतं. काल्पनिक प्रकरणावर दोन पानी नमुना लिहावा आणि तो काल्पनिक असल्याचं वरच नमूद करावं.

एमएच्या दुसऱ्या सत्रात आता ऑन जॉब ट्रेनिंगला 4 क्रेडिट असतात. तुरुंगात किंवा निरीक्षणगृहात (चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात तिथे) जायची परवानगी मिळायला वेळ लागतो, म्हणून विभागाने अर्ज पहिल्या सत्रातच द्यावा. परवानगी लांबली तर विद्यार्थी ऐनवेळी मिळेल त्या कार्यालयात टायपिंग करत बसतात आणि ते तास वाया जातात.