ग्रामपंचायतीपुढील गावप्रश्न

ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत आणि ग्रामसभेत वारंवार येणारे पाणी, रस्ते, गटारे, दिवाबत्ती, गायरान, स्मशानभूमी, अतिक्रमण, घरपट्टी, दारू असे स्थानिक प्रश्न. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींची संख्या सुमारे २८ हजार असून त्यांचा कारभार १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार चालतो. हा कायदा पूर्वी मुंबई ग्रामपंचायत अधिनियम म्हणून ओळखला जाई. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने (अंमल २४ एप्रिल १९९३ पासून) पंचायतींना घटनात्मक दर्जा मिळाला आणि अकराव्या अनुसूचीत त्यांच्याकडे सोपवता येतील असे २९ विषय नमूद झाले. या विषयांची यादी मोठी असली तरी अधिकार त्या मानाने तोकडे आहेत. ज्या गोष्टीसाठी गावकरी सरपंचाला जाब विचारतात, तिचा निर्णय पुष्कळदा तहसील कार्यालयात, जिल्हा परिषदेत किंवा वीज कंपनीत अडलेला असतो. बहुतेक गावप्रश्नांचे मूळ या तफावतीत सापडते.

पाण्याचा प्रश्न सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत कडू. जल जीवन मिशनने (१५ ऑगस्ट २०१९) प्रत्येक घरी नळ आणि दरडोई रोज ५५ लिटर पाणी हे उद्दिष्ट ठेवले. त्यानंतर टाक्या उभ्या राहिल्या, नळजोड झाले; पण योजना बांधणे आणि ती वर्षानुवर्षे चालवणे ही दोन निराळी कामे आहेत. योजना ताब्यात आली की पंपाचे वीजबिल, जळालेली मोटार आणि फुटलेली पाइपलाइन यांचा भार पाणीपट्टीवर पडतो. पाणीपट्टी थकली की बिल थकते आणि वीज तुटली की ज्यांनी पट्टी भरली त्यांचेही नळ कोरडे पडतात. वाटपाचा तंटा याहून बारीक असतो. पाणी सोडणारा कर्मचारी व्हॉल्व्ह फिरवतो, तेव्हा वरच्या आळीत कुणी नळाला थेट मोटार लावली असेल तर खालच्या टोकाच्या वस्तीत हंडाभर पाणीही पोचत नाही. ती वस्ती बहुधा दलितांची किंवा उशिरा येऊन स्थिरावलेल्यांची असते, हे नोंदवणे आवश्यक आहे. पाण्याची शुद्धता हाही रोजचाच विषय. टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकल्यावर नळाच्या शेवटच्या टोकाला ओटी टेस्ट करायची असते. द्रावणाचे थेंब टाकून पाणी पिवळे झाले तर क्लोरिन तिथवर पोचले असे समजतात. ही दोन मिनिटांची चाचणी नियमित होते की फक्त वहीत लिहिली जाते, यावर पावसाळ्यातील जुलाबाची साथ बरीचशी अवलंबून असते.

उन्हाळ्यात प्रश्न नळाकडून स्रोताकडे सरकतो. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर घेण्यावर १९९३ च्या भूजल कायद्यानेच निर्बंध आणले. तरी गावाच्या विहिरीशेजारच्या शेतात बोअरची गाडी उभी राहते आणि तक्रार करायची तर ती भावकीतल्याच माणसाविरुद्ध करावी लागते. सदस्य गप्प बसतात ते बहुतेक वेळा या संकोचामुळे.

जमिनीच्या प्रश्नांत गायरान पहिले. त्याची मालकी शासनाची, वापर गावाचा. गुरांची चराई, शाळेचे मैदान, पाण्याची टाकी, सौर प्रकल्प, घरकुले, सगळ्यांची नजर याच जागेवर असते. जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी गावाच्या सामाईक जमिनींवरील बेकायदा कब्जे हटवण्यासाठी योजना आखण्याचे आदेश राज्यांना दिले. मात्र गायरानावरचा प्रत्येक कब्जा एका मापाने मोजता येत नाही. रस्त्यालगत गाळे काढून भाडे खाणारा आणि पिढ्यान्‌पिढ्या तुकडाभर जमीन कसणारा भूमिहीन यांत फरक आहे. दलित भूमिहीनांच्या लढ्यांनंतर राज्याने १४ एप्रिल १९९० पूर्वीची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचे धोरण स्वीकारले ते याच भेदामुळे, आणि ग्रामसभेने ठराव करताना तो भेद पाळलाच पाहिजे. गावातील रस्ते व मोकळ्या जागांवरील अतिक्रमण काढण्याचा अधिकार अधिनियमाच्या कलम ५३ ने पंचायतीला दिला आहे. शासकीय किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण करणारी व्यक्ती कलम १४ नुसार सदस्यत्वास अपात्र ठरते, त्यामुळे निवडणुका जवळ आल्या की जुनी ओटे-पायऱ्यांची प्रकरणेही जिल्हाधिकाऱ्यांपुढे जातात.

गावठाणातील घरांचा वाद कागदाचा असतो. लोक नमुना ८ चा उतारा मालकीहक्काचा दाखला समजून जपतात; वास्तविक ती कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. वाटण्या तोंडी झालेल्या, एका भावाचे नाव उताऱ्यावर आणि दुसरा घरात राहणारा, अशा स्थितीत नाव लावण्याचा अर्ज आला की मासिक सभा कज्ज्याचे ठिकाण होते. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन मालमत्ता पत्रके मिळू लागली आहेत. शेतातल्या वाटांसाठी मात्र पंचायतीकडे येणाऱ्याला शेवटी तहसीलदाराकडेच जावे लागते. बांधावरून नवा रस्ता हवा तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम १४३, असलेली वहिवाट कुणी अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाचे कलम ५. पाणंद रस्ता नकाशावर रुंद असतो. दोन्ही बाजूंचे बांध दरवर्षी थोडेथोडे आत सरकतात आणि एका पावसाळ्यात उसाची गाडी आत जाऊ शकत नाही तेव्हा भांडण पेटते. स्मशानभूमीचा प्रश्न याच जातीचा, फक्त अधिक जिव्हारी लागणारा. शेड आहे पण तिथवर रस्ता नाही, म्हणून चिखलातून तिरडी न्यावी लागते. काही गावांत एका समाजाला दुसऱ्याच्या जागेत अंत्यविधी करू दिला जात नाही. यावर तडजोडीची भाषा चालत नाही. सार्वजनिक जागा सर्वांची आहे, एवढे सभेने स्पष्ट सांगायला हवे.

पैशाची बाजू थोडक्यात अशी. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती व आरोग्य कर हे स्वतःचे उत्पन्न. त्यापलीकडे वित्त आयोगाचा निधी. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ या काळासाठी ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छता यांना बांधून दिली आणि ४० टक्के अबंधित ठेवली. या निधीच्या खर्चाचा आराखडा ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने गावानेच करायचा असतो. वसुली मागायला जाणारा सदस्य त्याच घरी पुढे मत मागायला जाणार असतो, म्हणून थकबाकी साचत जाते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पाटोदा गावाने कर भरणाऱ्यांना दळण मोफत देऊन हा तिढा सोडवला आणि त्याची चर्चा राज्यभर झाली.

हे सगळे प्रश्न मांडायची हक्काची जागा ग्रामसभा. गावातील प्रत्येक मतदार तिचा सदस्य असतो. वर्षात किमान चार सभा बंधनकारक असून त्यांपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. ती झाली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. या सवलतीचा उपयोग मूठभरांच्या उपस्थितीत महत्त्वाचे ठराव उरकण्यासाठी होतो, ही गंभीर बाब आहे. खरा कस इतिवृत्ताच्या वहीत लागतो. आधी सह्या, मग मजकूर, ही पद्धत अनेक ठिकाणी रुळली आहे. दोन ठरावांमध्ये सोडलेल्या कोऱ्या ओळीत पुढे काय लिहिले जाईल हे सही करणाऱ्याला कळत नाही. ठराव सभेतच लिहून मोठ्याने वाचून दाखवावा आणि सूचक-अनुमोदकाची नावे तिथेच घालावीत, एवढी सवय लागली तरी निम्मे वाद उद्भवणार नाहीत. त्यात ग्रामसेवकाकडे (आता ग्रामपंचायत अधिकारी) पुष्कळदा एकाहून अधिक गावांचा कार्यभार असतो. तो ठरलेल्या दिवशी येतो, दाखले देतो, आणि पाठपुराव्याला वेळ उरत नाही.

२०११ पासून राज्यात पंचायतींमधील निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. पुष्कळ गावांत खुर्चीवर बाई आणि बोलणारा तिचा नवरा, हे अजून दिसते. परंतु दारूबंदीसारख्या प्रश्नावर महिलांनी स्वतःची ताकद दाखवली आहे. २००८ च्या आदेशानुसार एक चतुर्थांश मतदारांनी किंवा महिला मतदारांनी मागणी केल्यास दुकान बंद करण्यासाठी गुप्त मतदान घेता येते. चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चिन्हे असतात. बाटली आडवी करायची तर एकूण मतदारसंख्येच्या निम्म्याहून अधिक मते लागतात, केवळ झालेल्या मतदानाच्या नव्हे. मजुरीला बाहेर गेलेल्या बायांना त्या दिवशी परत आणणे हेच म्हणून मोठे काम ठरते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्याच्या १७ तारखेला शासनाने परिपत्रक काढून इतर गावांनाही तसे आवाहन केले.

सामाईक प्रश्न गावाने स्वतः हाती घेतल्याची उदाहरणे राज्यात आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून, त्यानुसार पिके ठरवण्याची आणि शेतीसाठी बोअर न घेण्याची शिस्त लावून घेतली. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) येथे निर्णय बहुमताने न होता सर्वसहमतीने होतात. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर या गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला, तरी बांबूच्या वाहतुकीचे परवाने वन खात्याकडेच राहिल्याने विक्री अडून होती. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले, आणि तेव्हापासून आपल्या जंगलातील बांबूची विक्री गाव स्वतः करू लागले.