युनिपोलर की बायपोलर: सहा तारांचा घोळ कुठून आला

सहा तारांची एकच स्टेपर मोटर (सलग नव्हे, ठरावीक पावलांनी फिरणारी) एका डेटाशीटमध्ये ‘युनिपोलर’, दुसऱ्यात ‘फोर-फेज’ आणि तिसऱ्यात ‘टू-फेज बायपोलर’ म्हणून सापडते. तिन्ही नावे एकाच वेळी खरी असू शकतात. रोटर (फिरणारा भाग) तोच, दात तेच, फेऱ्याला २०० पावलेही तीच. फरक आहे तो वेटोळ्यांत करंट कसा सोडायचा यात, म्हणजे मोटरला करंट पुरवणाऱ्या सर्किटमध्ये, ड्राइव्हरमध्ये. ही नावे मोटरला कशी चिकटली, ते ट्रान्झिस्टर महाग असण्याच्या काळात पाहावे लागते.

त्याआधीच्या स्टेपर मोटरींना हा प्रश्न फारसा पडलाच नव्हता. चुंबक नसलेल्या रोटरचा दात करंट कोणत्याही दिशेने गेला तरी ओढला जातोच. रोटरमध्ये कायमचुंबक आला आणि करंटच्या दिशेला अर्थ आला. आजची १.८ अंशांची मोटर ही मुळात ५० दातांच्या रोटरची, ६० हर्ट्झवर मिनिटाला ७२ फेरे फिरणारी एसी सिंक्रोनस मोटर. ५० दात आणि प्रत्येक दातामागे चार पावले, म्हणून २००.

चुंबकीय क्षेत्र उलटवायचे दोन मार्ग आहेत. एक, बायपोलर: त्याच वेटोळ्यात करंट उलटा वाहू द्यायचा. त्यासाठी प्रत्येक फेजला (वेटोळ्यांच्या स्वतंत्र गटाला) एच-ब्रिज, म्हणजे करंट दोन्ही दिशांना सोडणारे चार ट्रान्झिस्टरचे सर्किट लागते, म्हणजे दोन फेजना आठ ट्रान्झिस्टर. दुसरा, युनिपोलर: वेटोळ्याच्या मधोमध तार काढून ती सप्लायला बांधायची आणि दोन टोकांपैकी एक-एक टोक आळीपाळीने ग्राउंडला ओढायचे. इथे चार ट्रान्झिस्टर पुरतात, तेही सगळे एनपीएन प्रकारचे आणि सगळे खालच्या, म्हणजे ग्राउंडच्या बाजूला. १९७० आणि ८० च्या दशकांत वरच्या बाजूचा स्विच चालवणे हे खर्चाचे काम होते. शिवाय ब्रिजच्या एका बाजूचे दोन्ही ट्रान्झिस्टर क्षणभर एकदम चालू झाले की सप्लाय शॉर्ट. म्हणून सिलिकॉन वाचवण्यासाठी तांबे खर्ची घातले गेले: वेटोळे पूर्ण, पण कोणत्याही क्षणी त्यातले अर्धेच कामाला.

त्या काळातल्या फ्लॉपी ड्राइव्ह आणि प्रिंटरमधून अशाच मोटरी भंगारात आल्या आणि हौशी यंत्रांवर चढल्या. संगणकाच्या पॅरलल पोर्टच्या (जुन्या प्रिंटर-जोडणीच्या) आठ डेटा लाइन्स म्हणजे चार-चारच्या हिशेबाने दोन मोटरी. लहान मोटरला यूएलएन२००३ ही चिप (सात चॅनेल, प्रत्येकी ५०० मिलिअँपिअर), मोठीला टीआयपी१२२ ट्रान्झिस्टर. वेग हवा असेल तर सप्लाय वाढवून मधल्या तारेत रेझिस्टर टाकायचा. ५ व्होल्ट, १ अँपिअर, ५ ओहमची मोटर २४ व्होल्टवर चालवायची तर १९ ओहम लागतात. करंट साधारण पाचपट लवकर चढतो, पण प्रत्येक फेजमागे मोटरला ५ वॅट आणि रेझिस्टरला १९ वॅट. यंत्रापेक्षा कंट्रोलरचा डबाच जास्त तापायचा.

युनिपोलर जोडणीतला एक दोष तेव्हाही कमी जणांना माहीत होता. दोन्ही अर्धी वेटोळी मोटरच्या स्थिर भागाच्या एकाच ध्रुवावर असल्याने ती ट्रान्सफॉर्मरसारखी वागतात. एक टोक ग्राउंडला गेले की दुसरे टोक सप्लायच्या दुप्पट व्होल्टेजवर उडी मारते. त्यामुळे २४ व्होल्टच्या सप्लायवर ट्रान्झिस्टर किमान ६० व्होल्टचा, शक्यतो १०० चा लागतो. संरक्षक डायोड सरळ सप्लायला जोडले तर मोटर फिरते, पण हे व्होल्टेज दाबले जाऊन करंट रेंगाळतो. डायोड आणि सप्लाय यांच्यामध्ये सप्लायइतक्या किंवा थोड्या जास्त व्होल्टेजचा झेनर (ठरावीक व्होल्टेजनंतरच उलटा वाहणारा डायोड) टाकला की वरच्या वेगातला टॉर्क (फिरवण्याचा जोर) सुधारतो.

एल२९७ आणि एल२९८ या चिप्सच्या जोडीने चॉपर आणि बायपोलर दोन्ही एकदम हौशी टेबलावर आणले. चॉपर म्हणजे व्होल्टेज जास्त ठेवायचे आणि करंट ठरलेल्या आकड्याला पोचला की तोडायचा. एल२९८ मात्र गरम प्रकरण होते. २ अँपिअरला एका ब्रिजमध्ये ४.९ व्होल्टपर्यंत वाया जातात, म्हणजे जवळपास १० वॅटची उष्णता. बाहेरून आठ डायोड लागतात, तेही जलद. तिथे १एन४००७ लावला तर तो वेळेत बंदच होत नाही. ‘बायपोलर भारी’ ही समजूत याच काळातली, आणि ती अर्धीच खरी आहे. श्रेय बरेचसे चॉपरचे होते. एसएलए७०२६ सारख्या युनिपोलर चॉपर चिप्सही होत्या आणि त्या ३ अँपिअरपर्यंत उत्तम चालत.

पुढे मॉसफेट ट्रान्झिस्टरचे ब्रिज, करंट नियंत्रण आणि मायक्रोस्टेपिंग (एका पावलाचे बारीक भाग पाडणे) एकाच चिपमध्ये आले आणि बाहेर फक्त स्टेप आणि डिरेक्शन या दोन तारा उरल्या. २०१० नंतर थ्रीडी प्रिंटरच्या लाटेने ए४९८८ आणि डीआरव्ही८८२५ या ड्राइव्हर चिप्स घरोघर पोचवल्या. सिलिकॉन स्वस्त, तांबे महाग, असा हिशेब उलटला आणि चार तारांची मोटर नेहमीची झाली. नव्याने मोटर घेणाऱ्यापुढे निवडीचा प्रश्न खरे तर उरलेला नाही. तो उरतो हातात आधीच सहा तारांची मोटर असणाऱ्यापुढे.

तिला बायपोलर ड्राइव्हर लावायचा हे ठरले, तरी टोक ते टोक पूर्ण वेटोळे घ्यायचे की मधली तार ते टोक अर्धे, यावर आजही हुज्जत चालते. आकडे घेऊन पाहू. अर्धे वेटोळे १.४ ओहम, १.४ मिलिहेन्री, २ अँपिअर. पूर्ण वेटोळे घेतले की रोध दुप्पट, २.८ ओहम, पण इंडक्टन्स (करंट बदलायला होणारा विरोध) चौपट, ५.६ मिलिहेन्री. उष्णता तेवढीच ठेवायची तर करंट १.४१ अँपिअर. दोन्हीकडे फेजमागे ५.६ वॅटच जळतात, पण पूर्ण वेटोळ्यात अँपिअर-टर्न्स (करंट गुणिले वेढे, म्हणजे चुंबकीय जोर) १.४१ पट होतात. ‘बायपोलरला ४० टक्के टॉर्क जास्त’ हे वाक्य इथून आले. ते खरे आहे, थांबलेल्या मोटरसाठी.

आता फिरवा. २४ व्होल्टवर पूर्ण वेटोळ्यात करंट मिलिसेकंदाला ४.३ अँपिअरने चढतो, म्हणजे उणे १.४१ वरून अधिक १.४१ ला जायला ०.६६ मिलिसेकंद. अर्ध्या वेटोळ्यात उणे २ वरून अधिक २ ला ०.२३. फुल-स्टेपमध्ये प्रत्येक फेज दर दोन पावलांनी उलटते. सेकंदाला ३००० पावलांना, म्हणजे मिनिटाला ९०० फेऱ्यांना, ती मुदत ०.६७ मिलिसेकंद असते. पूर्ण वेटोळ्यात करंट शिखरावर पोचतो न पोचतो तोच उलटण्याची वेळ येते, आणि यात मोटरचे स्वतःचे उलटे व्होल्टेज धरलेलेही नाही. हौशी मंडळींत रूढ असलेला नियम, मिलिहेन्रीच्या वर्गमुळाला ३२ ने गुणा आणि तेवढे व्होल्ट ही कमाल धरा, लावला तर अर्ध्याला ३८ आणि पूर्ण वेटोळ्याला ७६ येतात. ए४९८८ ची मर्यादा ३५ व्होल्ट, डीआरव्ही८८२५ ची ४५. या चिप्सवर एवढ्या इंडक्टन्सचे पूर्ण वेटोळे वेगात उपाशीच राहणार. म्हणून बेल्टवरच्या, भराभर धावणाऱ्या अक्षाला अर्धे वेटोळे आणि स्क्रूवरच्या, सावकाश जड उचलणाऱ्या अक्षाला पूर्ण. ४० टक्क्यांचा आकडा पाहून सगळ्या अक्षांना सरसकट पूर्ण वेटोळे लावणे ही चूक आहे.

सगळ्यात जास्त मोटरी भाजतात त्या लेबलमुळे. सहा तारांच्या मोटरवरचा करंट बहुधा अर्ध्या वेटोळ्याचा असतो. तोच २ अँपिअर पूर्ण वेटोळ्यात सोडला की फेजमागे ११.२ वॅट, बरोबर दुप्पट. काही उत्पादक मात्र पूर्ण वेटोळ्याचा आकडा छापतात, म्हणून लेबलवरचे ओहम मल्टिमीटरने ताडून पाहावेत: मधली तार ते टोक जुळते की टोक ते टोक. जोडणीत न वापरलेली तार टेप लावून झाकावी. अर्ध्या वेटोळ्याच्या जोडणीत मोकळ्या टोकावर २४ चे ४८ व्होल्ट होतात.

पाच तारांच्या मोटरीत दोन्ही मधल्या तारा आतच जोडलेल्या असतात, त्यामुळे ती आहे तशी बायपोलर चालत नाही. २८बीवायजे-४८ या पाच तारांच्या छोट्या मोटरीत निळ्या टोपणाखालच्या पट्टीवरचा जोड कापून लाल तार सोडता येते. मात्र ५ व्होल्टवर याचा फायदा टॉर्कमध्ये दिसत नाही: सुमारे ५० ओहमचे १०० झाले, करंट निम्मा, अँपिअर-टर्न्स तेवढ्याच. टॉर्क वाढतो तो १२ व्होल्टवर, आणि तेव्हा १२० मिलिअँपिअरला फेजमागे अर्ध्या वॅटचा दीड वॅट होतो. मूळ उष्णतेत राहायचे तर ७० मिलिअँपिअर हवेत. ०.१ ओहमचे सेन्स (करंट मोजणारे) रेझिस्टर असलेल्या ए४९८८ वर त्यासाठी व्हीरेफ (करंटची मर्यादा ठरवणारे व्होल्टेज) जेमतेम ०.०५६ व्होल्ट ठेवावा लागतो, आणि त्या बारक्या पोटेन्शिओमीटरवर तो नेमका लावणे कठीण. वाढलेला टॉर्क प्लास्टिकचे गिअर झेलतात हेही आहेच. पडदा किंवा झडप हलवण्यापुरती ही मोटर हवी असेल तर यूएलएन२००३ वर ती आहे तशी युनिपोलरच ठेवावी.